चिठ्ठीवर नाव कुणाचं? : हर्बेरियम, हॉर्टस मलबारिकस आणि इट्टी अच्युतन

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जरा उतरलेल्या चेहऱ्याने आला. कॉलेजात आरक्षणावरून वाद झाला होता. नेहमीचाच वाद, मेरिटचा. त्यात एका वर्गमित्राने त्याला विचारलं, "विज्ञानात तुमच्या लोकांचं योगदान काय? एक तरी नाव सांग." मुलाने बाबासाहेबांचं नाव घेतलं. समोरून उत्तर आलं, "ते कायदा आणि अर्थशास्त्र झालं. तुझा विषय बॉटनी आहे ना? बॉटनीतलं सांग." मुलगा गप्प बसला.

त्याची चूक नव्हती. त्याच्या पाठ्यपुस्तकात लिनियस आहे, बेंथम आणि हूकर आहेत. प्राचीन भारताचा परिच्छेद आला की चरक-सुश्रुत येतात. मधल्या काळात या देशात झाडं ओळखणारं दुसरं कुणी नव्हतंच, असं वाटावं अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. हा लेख त्या मुलासाठी आणि असा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला जातो त्या सगळ्यांसाठी आहे. नाव आहे. पण नुसतं नाव पाठ करून उपयोग नाही. ते नाव झाकलं कसं गेलं आणि पुन्हा वर कसं आलं, हे समजून घेतलं पाहिजे.

आधी हर्बेरियम म्हणजे काय ते पाहू

झाडाची फांदी पानं, फुलं, शक्य असल्यास फळांसकट तोडायची. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून दाबायची, वाळवायची. नीट वाळली की जाड कागदावर चिकटवायची किंवा शिवायची. कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. त्या चिठ्ठीवर वनस्पतीचं नाव, गोळा केल्याचं ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा नोंद क्रमांक. असे नमुने जिथे रचून ठेवतात ते हर्बेरियम. सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी या प्राध्यापकाने ही पद्धत रुजवली असं मानतात. आज जगात तीन हजारांहून जास्त हर्बेरियम आहेत. लंडनजवळच्या क्यू इथे सुमारे ७० लाख नमुने आहेत, हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये सुमारे २० लाख. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं आहे. विद्यार्थ्यांनी एकदा तरी जाऊन पाहावं.

वाळलेल्या फांद्यांचा एवढा थाट कशासाठी? कारण वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवेत राहत नाही, ते एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. त्या नमुन्याला 'टाइप' म्हणतात. उद्या दोन शास्त्रज्ञांत वाद झाला की ही वनस्पती तीच की वेगळी, तर कोणाचं पद मोठं, कोणाचा ग्रंथ जुना, यावर निकाल लागत नाही. कपाट उघडायचं, नमुना काढायचा, ताडून पाहायचं. विद्यार्थ्यालाही तो हक्क आहे आणि विभागप्रमुखालाही.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका, परंपरेने चालत आलंय म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलं. धम्माच्या गुणांत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. हर्बेरियम त्याच रीतीने चालतं. शब्दप्रामाण्य तिथे चालत नाही.

पण त्याच कागदावर दुसरीही एक गोष्ट असते. चिठ्ठी. नमुना खरं बोलतो. चिठ्ठी मात्र लिहिणाऱ्याच्या हातात असते. तिच्यावर कुणाचं नाव येतं आणि कुणाचं येत नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. भारतात तो जातीचा प्रश्न आहे.

कोचीन, १६७५

१६६३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. १६७० च्या सुमारास हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे हा मलबारचा कमांडर झाला. कंपनीच्या शिपायांना लागणारी औषधं युरोपातून जहाजाने येत. महाग, शिळी, आणि त्यातली काही तर मुळात इथल्याच वनस्पतींची, युरोपला जाऊन परत आलेली. शिवाय मलबार हा प्रदेश कंपनीसाठी किती किमती आहे, हे ऱ्हीडेला वरिष्ठांना पटवायचं होतं. त्यातून एक प्रचंड काम उभं राहिलं. त्याचं नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग. लॅटिन भाषेत बारा खंड, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. त्यात ७४२ वनस्पती आणि सुमारे आठशे चित्रं. बहुतेक चित्रांवर वनस्पतीचं मल्याळी नाव, तेही मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीला काही प्रमाणपत्रं छापली आहेत, एप्रिल १६७५ ची. त्यातलं एक नागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. ते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन ब्राह्मण वैद्यांचं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडून कोचीनला गेलेल्या कोकणी समाजातले हे लोक. आपण निघंटूच्या आधाराने माहिती दिली, असं ते सांगतात.

दुसरं प्रमाणपत्र मल्याळी भाषेत, कोलेळुत्तु या जुन्या लिपीत आहे. ते इट्टी अच्युतन या वैद्याचं. तो आपलं घर सांगतो, कोल्लाट. गाव सांगतो, आजच्या चेर्तलाजवळचं कडक्करप्पळ्ळी. आपण पिढीजात वैद्य आहोत हे सांगतो. आणि झाडं, वेली, गवतं, त्यांची फुलं-फळं, त्यांचे गुण आणि उपचार आपण आपल्या घराण्याच्या पोथीतून आणि स्वतःच्या अनुभवातून सांगितले, असं लिहून खाली सही करतो. मल्याळी लिपीतला मजकूर छापील पुस्तकात आला तो याच खंडात पहिल्यांदा. म्हणजे केरळच्या भाषेच्या छपाईचा इतिहास जिथे सुरू होतो तिथे एका एझवा वैद्याची साक्ष आहे.

एझवा म्हणजे कोण? ताडी-माडी काढणारी, शेतात राबणारी, वैद्यकी करणारी अवर्ण जात. केरळात नुसती अस्पृश्यता नव्हती. वरच्या जातीच्या माणसापासून किती अंतरावर उभं राहायचं हे जातीप्रमाणे ठरलेलं होतं. देवळाच्या आसपासच्या रस्त्यावरून चालायला एझवांना बंदी होती. ज्याची सावली नको त्याचं औषध मात्र हवं, असा हा समाज.

पोथी आणि रान

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. त्या वेळी कोचीनमध्ये विद्वान ब्राह्मण होते, राजाचं पाठबळ होतं, संस्कृत निघंटू होते. मग ऱ्हीडेला अवर्ण वैद्याची गरज का पडली?

कारण निघंटू म्हणजे नावांची यादी. एका वनस्पतीला वीस पर्यायी नावं आणि एकाच नावाच्या चार वनस्पती. श्लोक पाठ असला म्हणजे रानात समोर उभं असलेलं झाड ओळखता येतंच असं नाही. ते ओळखायला रानात जावं लागतं, पान चुरडून वास घ्यावा लागतो, साल चाखावी लागते, कोणत्या महिन्यात फूल येतं ते वर्षानुवर्षं पाहावं लागतं. रोग्याला, त्याच्या रक्ताला, मळाला हात लावावा लागतो. विटाळाच्या नियमांनी ब्राह्मणी व्यवस्थेने नेमक्या याच कामांना हीन ठरवलं होतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला वैद्याला बोलावू नये असं सांगितलंय. चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचं अन्न पुवासारखं म्हटलंय. जो धर्मग्रंथ वैद्याच्या अन्नाला पू म्हणतो, त्याच्या छायेत वैद्यकशास्त्र वाढलं असं कुणी सांगत असेल तर त्याला हे श्लोक दाखवा.

त्याउलट श्रमण परंपरा पाहा. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा स्वतंत्र भाग आहे. जीवकाची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. तक्षशिलेत शिक्षण संपत आल्यावर आचार्यांनी त्याला सांगितलं, सभोवतालच्या एक योजन परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. तो सगळं रान फिरला आणि रिकाम्या हाताने परतला, कारण औषधी नसलेली एकही वनस्पती त्याला सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझं शिक्षण पूर्ण झालं. ही परीक्षा पाठांतराची नव्हती, रानाची होती. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याची, जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याची नोंद आहे.

ऱ्हीडेने स्वतः ग्रंथात लिहून ठेवलंय की झाडं ओळखणाऱ्या लोकांना याद्या देऊन रानात पाठवलं जाई. ते पानं, फुलं, फळं आणत, त्यासाठी उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढत. चित्रकार ताज्या फांदीवरून चित्र काढत. त्यातल्या काही डच चित्रकारांची नावं आज कळतात. लॅटिन मजकूर लिहिणाऱ्या पाद्र्याचं, योहानेस कासेआरियसचं नाव कळतं. दुभाष्या इमॅन्युएल कार्नेरो याचंही प्रमाणपत्र आहे. पण जी माणसं झाडावर चढली त्यांतल्या एकाचंही नाव त्या बारा खंडांत नाही.

बाबासाहेबांनी सांगितलं की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. ज्ञानाच्या क्षेत्रात याचा अर्थ काय होतो ते इथे दिसतं. झाडावर चढणारा वेगळा, झाड ओळखणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, छापणारा वेगळा; आणि श्रेय खालून वर सरकत जातं.

लिनियसच्या टेबलावर

१७५३ मध्ये कार्ल लिनियसचा 'स्पीशीज प्लांटॅरम' प्रसिद्ध झाला. वनस्पतींची आजची दोन शब्दांची नावं तिथून सुरू होतात. लिनियस भारतात कधी आला नाही. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याचा मोठा आधार होता हॉर्टस मलबारिकस. आपल्या बोधिवृक्षाचं उदाहरण घ्या. पिंपळाला लिनियसने फायकस रेलिजिओसा हे नाव दिलं, तिथे त्याने ऱ्हीडेच्या पहिल्या खंडातल्या 'अरेआलु'चा दाखला दिला आहे. अरयाल हे पिंपळाचं मल्याळी नाव. उंबराच्या नावामागे त्याच खंडातला 'अत्ति-आलु' आहे.

आता हर्बेरियमचा मुद्दा पुन्हा आठवा. ऱ्हीडेच्या कामाचे वाळवलेले नमुने आज उपलब्ध नाहीत. नमुना नसेल तर नियमाप्रमाणे मूळ चित्रालाही टाइप मानता येतं. त्यामुळे लिनियसची आणि नंतरच्यांची कित्येक नावं आज हॉर्टस मलबारिकसमधल्या चित्रांना बांधलेली आहेत. आणि हे झाड कोणतं, त्याचं नाव काय, उपयोग काय, हे चित्राबरोबर सांगणाऱ्यांत एक एझवा वैद्य होता.

लिनियसचा नियम असा होता की ग्रीक-लॅटिन सोडून रानटी भाषांतली प्रजातिनामं घेऊ नयेत. तरी काही नावं निसटून आत आलीच. मायाळूची भजी आपण खातो त्या मायाळूचं नाव बासेला, ते मलबारचं. करंजाचं पोंगामिया, वेलदोड्याचं एलेटारिया, चिकू-खिरणीच्या गटाचं मनिलकारा, ही सगळी मल्याळी नावं याच ग्रंथातून शास्त्रात गेली.

माणसांच्या नावांचं काय झालं? ऱ्हीडेच्या नावाने ऱ्हीडिया ही प्रजाती झाली, नाव लिनियसने दिलं. पाद्री कासेआरियसच्या नावाने कासेआरिया झाली. इट्टी अच्युतनच्या नावाने अच्युडेमिया झाली, पण ब्लूम या शास्त्रज्ञाने ती १८५६ मध्ये केली. पहिला खंड निघाल्यापासून १७८ वर्षांनी.

वैद्यांच्या मुलाला दवाखाना बंद

इट्टी अच्युतनच्या नंतर दोनशे वर्षांनी त्याच एझवा समाजातल्या पल्पू या तरुणाला त्रावणकोर संस्थानात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश नाकारला गेला. कारण जात. तो मद्रासला जाऊन डॉक्टर झाला. परत आल्यावर संस्थानाने नोकरीही नाकारली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने त्याला घेतलं. ज्या समाजाच्या वैद्याने जगाच्या वनस्पतिशास्त्राला साक्ष दिली, त्या समाजाच्या डॉक्टरला स्वतःच्या राज्यात रोगी तपासायची मुभा नव्हती! याच डॉ. पल्पूंनी १८९६ मध्ये १३,१७६ सह्यांचं एझवा निवेदन संस्थानाला दिलं आणि पुढे नारायण गुरूंच्या चळवळीत उभे राहिले. इट्टी अच्युतनच्या गावाकडून वेंबनाड तलाव ओलांडला की वायकम. तिथे १९२४ मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. आपल्या महाडच्या तीन वर्षं आधी.

त्या मुलाला मी दुसरंही एक नाव दिलं, ई. के. जानकी अम्माल. जन्म १८९७, तलश्शेरी, तिय्या समाज, म्हणजे उत्तर मलबारमध्ये एझवांचाच समकक्ष समाज. १९३१ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. कोइमतूरला उसाच्या संकरावर काम. डार्लिंग्टनबरोबर १९४५ मध्ये लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ॲटलास. पन्नासच्या दशकात नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेची जबाबदारी. जम्मूतल्या एका हर्बेरियमला आज त्यांचं नाव आहे. बॉटनीतलं नाव हवं होतं ना? हे घ्या.

आपणही सांभाळून बोलू

आता थोडं आपल्याच लोकांशी. इट्टी अच्युतनबद्दल वाचलं की आपल्यातले काहीजण लगेच मेसेज फिरवतील, 'लिनियसने सगळं आपल्याकडून चोरलं.' असं करू नका. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ च्या आपल्या ग्रंथात मांडलं की हॉर्टस मलबारिकसचा गाभा ब्राह्मणी नसून एझवा ज्ञानाचा आहे आणि त्या वर्गीकरणाचा ठसा लिनियसपर्यंत पोहोचला. मांडणी महत्त्वाची आहे, पण तिच्यावर इतर अभ्यासकांचे आक्षेपही आहेत. पुष्पक विमानवाल्यांना आपण पुरावा मागतो. तर मग आपल्या दाव्यालाही चिठ्ठी लागलेली हवी. १६७५ ची सही पुरेशी बोलकी आहे, तिच्यावर आणखी फुगवटा नको.

दुसरं, एझवा आज केरळात ओबीसी आहेत, आणि इतिहासात त्यांनीही पुलयांवर अस्पृश्यता लादली. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतं. म्हणूनच पुलयांना अय्यनकाळींच्या नेतृत्वाखाली वेगळा लढा द्यावा लागला. इट्टी अच्युतनचं नाव घेताना झाडावर चढलेल्या त्या निनावी माणसांनाही आपण विसरता कामा नये. नाहीतर आपणही तीच चिठ्ठी लिहू.

आणि तिसरं, कृतज्ञता. हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांच्यामुळे. त्यांनी आयुष्याची पस्तीसेक वर्षं या एका ग्रंथाला दिली. लॅटिनमधून इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने काढलं, नंतर मल्याळी आलं. पण त्यांनी केवळ भाषांतर केलं नाही. मलबारच्या रानांत फिरून ग्रंथातल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती पुन्हा गोळा केल्या आणि त्यांचे हर्बेरियम नमुने केले. तीनशे वर्षांपूर्वीची साक्ष त्यांनी पुन्हा तपासली आणि ती खरी ठरली.

आजची चिठ्ठी

हा विषय जुना झालेला नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. वनस्पतीच्या ज्ञानातून कंपनीने पैसा कमावला तर त्याचा वाटा स्थानिक समाजाला मिळावा, हे त्या कायद्याचं तत्त्व. २०२३ च्या दुरुस्तीने 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना'च्या वापराला यातून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे काय? १९४० च्या औषध कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेल्या अधिकृत ग्रंथांतलं ज्ञान. म्हणजे तेच ज्ञान ग्रंथात असेल तर कंपनीला मोकळं रान, आणि ते पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हातात जिवंत राहिलं त्यांच्या हातावर काहीच नाही. १६७५ मध्ये निघंटू आणि रान यांच्यात जो प्रश्न होता तोच आता कायद्याच्या भाषेत आला आहे.

मग करायचं काय? आपल्या वस्तीत, गावात, आदिवासी पाड्यात आजही झाडपाला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, सुईणी आहेत, जनावरांना औषध देणारी माणसं आहेत. गावाची नोंदवही आहे का ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. असेल तर वाचा. माहिती सांगणाऱ्याच्या रकान्यात कुणाची नावं आहेत ते पाहा. कंत्राट घेतलेल्या माणसाने टेबलावर बसून वही भरली असेल, तर ग्रामसभेत हरकत घ्या. बॉटनीच्या विद्यार्थ्यांनी हर्बेरियमसाठी नमुना करताना ज्या आजीने झाड दाखवलं तिचं नाव, तिला विचारून, तिच्या संमतीने चिठ्ठीवर लिहा. कुठल्याही नियमात त्याला मनाई नाही.

इट्टी अच्युतनची पोथी आज नाही, नमुनेही नाहीत. उरली ती एक सही. घर, गाव आणि तारखेसकट. तेवढ्या एका कागदावर तीनशे वर्षांचं मौन मोडलं. त्या मुलाने परवा मला फोन केला. म्हणाला, "दादा, मी त्याला नाव सांगितलं. त्याने पुरावा मागितला. मी पहिल्या खंडातलं प्रमाणपत्र दाखवलं." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. पुरावा मागितल्यावर तो दाखवता आला, मला तेवढं पुरे.

जय भीम. नमो बुद्धाय.